बेहेरेबाईंचं मत

सुहासिनी बेहेरे कल्याणच्या कोर्टात चौतीस वर्षं स्टेनो होत्या. खून, घटस्फोट, वाटण्या, गटाराच्या पाण्यावरून झालेल्या मारामाऱ्या, सगळं त्यांच्या पेन्सिलीखालून गेलं. पण कोण खरं आणि कोण खोटं, हे त्यांना चौतीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही ते कधी सांगितलं नाही. ही सवय अंगात इतकी मुरली होती की घरी मुलगा केतन जेवायला असताना आमटी कशी झालीय असं सुनेनं विचारलं, तर बेहेरेबाई म्हणायच्या, "केतन म्हणाला तिखट आहे. तू म्हणालीस ठीक आहे." यापुढे एक शब्द नाही.

आवाजही तसाच होता. डोंबिवलीतला त्यांचा भाजीवाला "किती?" असं तीनदा विचारायचा आणि शेवटी अंदाजानं अर्धा किलो द्यायचा. निवृत्त झाल्यावर त्या बागेतल्या हास्यक्लबात जाऊ लागल्या. चौथ्या दिवशी तिथल्या सरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बेहेरेबाई, उद्यापासून मागच्या रांगेत उभ्या राहाल का? तुमच्याकडे बघून पुढच्यांचं हसू थांबतंय."

त्यानंतर दवाखान्याच्या भिंतीवर त्यांना एका संस्थेचं पत्रक दिसलं. 'मुलांचा आवाज व्हा.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्या मुलांना सांभाळायला स्वतःचं घर नाही आणि ज्यांना बालकल्याण समितीनं काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवलंय, अशा मुलांची बाजू समितीपुढे मांडायला स्वयंसेवक पाहिजेत. बेहेरेबाईंनी ते दोनदा वाचलं आणि त्यांची अशी समजूत झाली की हे लिहून घ्यायचं काम आहे.

ठाकुर्लीत एका शाळेच्या वर्गात दोन दिवस शिबिर झालं. संस्थेचीच समीक्षा नावाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी शिकवत होती. ती म्हणाली, "तुम्ही वकील नाही, पोलीस नाही, मावशी-आत्याही नाही. पंधरा दिवसांनी एकदा जायचं, मुलाशी बोलायचं, घर बघायचं, शाळेत विचारायचं. आणि मुलाच्या भल्याचं काय आहे, याबद्दल तुमचं मत समितीला सांगायचं." बेहेरेबाईंनी हे सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं. शेवटचं वाक्यही उतरवलं. फक्त ते आपल्याला उद्देशून आहे, असं त्यांना वाटलं नाही.

त्यांच्या वाट्याला नऊ वर्षांची दक्षता आली. आई वारलेली, बाप कुठे गेला त्याचा पत्ता नाही. बालगृहात सव्वा वर्ष काढून आठ महिन्यांपूर्वी ती बाळकुममध्ये परशुराम आणि मंजुळा नाखवा या जोडप्याकडे आली होती. परशुराम खाडीत होडी घालायचा, मंजुळा मासळी विकायची, त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मुलांच्या हेल्पलाइनला एक तक्रार गेली. नाखव्यांच्या घराला लागूनच एक टॉवर उभा राहिला होता. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या रहिवाशानं कळवलं होतं की या घरात रोज कडाक्याची भांडणं होतात, मुलगी किंचाळते आणि गेल्या बुधवारी तर "पाय मोड आधी तिचे" असे शब्द स्पष्ट ऐकू आले. त्याच आठवड्यात शाळेनंही चिठ्ठी पाठवली की दक्षता वर्गात फार आरडाओरडा करते. मुलगी तिथेच ठेवायची की बालगृहात परत न्यायची, हे समिती महिन्याभरात ठरवणार होती.

पहिल्या भेटीला बेहेरेबाई रिक्षातून उतरल्या, तेव्हा नाखव्यांचं घर चाळीस पावलांवर होतं. तिथूनच त्यांना दोघांचे आवाज ऐकू आले. नक्की भांडण, असं बाईंना वाटलं. त्या उभ्या रिक्षाच्या आडोशाला थांबल्या, पिशवीतून वही काढली आणि हाताला सवय होती तसं लिहायला लागल्या. पाच मिनिटं लिहून झाल्यावर त्यांनी काय लिहिलंय ते वाचलं.

"चावी कुठं हाय?" "खिल्यावर." "खिल्यावर नाय." "दुसऱ्या खिल्यावर बग." "हा, हाय."

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग पदर सारखा केला आणि घराच्या पायरीशी जाऊन म्हणाल्या, "नमस्कार, मी सुहासिनी बेहेरे."

आतून काहीच उत्तर आलं नाही, कारण कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी एक बारकी मुलगी दारात आली, त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि मागे वळून अशी हाक मारली की टॉवरच्या कठड्यावरची कबुतरं उडाली. "आये, कोन तरी आजी आलीय. नुसती ओठ हलवते."

ही दक्षता. मंजुळाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि "ये बाय, बस" म्हणाल्या, तेव्हा बेहेरेबाईंच्या कानातला मोती थरथरला असावा. पण चहा झाला, तांदळाची भाकरी झाली, भाकरीबरोबरच्या सुकटीला बाईंनी हात जोडून नाही म्हटलं, आणि दीड तास गेला. त्या दीड तासात परशुराम आणि मंजुळा पंखा, दोरी, पोरीचे बूट आणि म्हावऱ्याचा, म्हणजे मासळीचा, भाव या विषयांवर बोलले, सगळं एकाच पट्टीत. परशुराम म्हणाला, "तुमाला मोठा वाटत आसेल आमचा आवाज. होडीवर वारा आसतो ना, हलू बोल्लं तर वाराच ऐकतो."

"आणि ह्या?" बेहेरेबाईंनी मंजुळाबाईंकडे बघत विचारलं.

"ती बाजारात बसते. तिथं वाऱ्यापेक्षा वाईट."

बाईंचा पहिला अहवाल चौदा पानी झाला. समीक्षा तो वाचून डोकं धरून बसली.

"बेहेरेकाकू, यात 'परशुराम: दोरी दे. मंजुळा: कनची?' असं लिहिलंय."

"तसंच बोलले ते."

"समितीला एक पान हवं असतं. आणि खाली तुमचं मत."

"माझं?" बेहेरेबाईंनी असं विचारलं, जणू समीक्षानं त्यांना पोहायला सांगितलं होतं. "मी तिथे नुसती बसले होते."

समीक्षाला आणखी बावीस मुलांचं बघायचं होतं. तिनं सांगितलं, "निदान तक्रारदाराला तरी भेटून या. पाय मोडायचं काय ते कळायला पाहिजे."

तक्रारदाराचं नाव अद्वय सबनीस. वय एकोणतीस, मूळचा नाशिकचा, घरात एकटाच, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफपँट. त्यानं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अपराध्यासारखा समोर उभा राहिला. "मला कुणाला त्रास द्यायचा नाहीये, मॅम. पण माझा क्लायंट डेन्मार्कचा आहे. दुपारी दीडला आमची मीटिंग असते. तो दोनदा म्हणाला, तुझ्या शेजारी पोलीस बोलावण्याची गरज आहे का. तिसऱ्यांदा मीच रेकॉर्ड केलं. आणि मग ऐकल्यावर मला राहवेना."

त्यानं ते लावलं. तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. बाई ओरडतेय, बाप्या ओरडतोय, काहीतरी आपटतंय आणि मधूनमधून मुलीची किंकाळी. त्यात एकच वाक्य लख्ख ऐकू आलं, मंजुळाबाईंच्या आवाजात: "पाय मोड आधी तिचे, मग टाक."

बेहेरेबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. कोर्टात त्यांनी असली वाक्यं कितीतरी लिहिली होती, पण तेव्हा ती माणसं ओळखीची नसायची. या बाईनं त्यांना भाकरी वाढली होती. त्यांनी अद्वयकडून ते रेकॉर्डिंग आपल्या फोनवर घेतलं आणि घरी चार दिवस कानाला लावून बसल्या. एकेक शब्द उतरवायचा म्हणजे तीसतीसदा ऐकायचं. सून म्हणाली, "आई, गाणी ऐकताय का?" बाई म्हणाल्या, "नाही."

तरी काही जागा रिकाम्या राहिल्या. शेवटी छातीवर दगड ठेवून त्या पुन्हा बाळकुमला गेल्या. मोठी माणसं घरात असणार, मुलीला एकटीला गाठायचं कसं, तिला विचारायचं कसं, या विचारात गल्लीत शिरल्या आणि थबकल्या. गल्लीत आवाजच नव्हता. दक्षता पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"घरी कुणी नाही का?" बाईंनी विचारलं.

"हायेत. दोगं पन हायेत." पोरगी पहिल्यांदाच हळू बोलली. "आज भांडन हाय."

बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. परशुराम एका कोपऱ्यात जाळं विणत होता, मंजुळाबाई दुसऱ्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. दोघांच्या तोंडातून अक्षर नाही. दक्षतानं सांगितलं ते असं: शाळेचा फॉर्म आला होता. त्यात पालकाचं नाव लिहायचं होतं. नाखव्यानं आपलं नाव लिहून फॉर्म देऊन टाकला आणि आयेचं नाव लिहायचं विसरला. तेव्हापासून दीड दिवस घर गप्प होतं. दक्षता परशुरामला सगळ्या गल्लीसारखं नाखवाच म्हणायची.

"मग आता?"

"नाखवा सकाली शाळेत जाऊन आला. बाईंनी नाव घातलं. पन आयेला सांगायचं कोन? तो बोलत नाय, ती बोलत नाय."

"तू सांग की."

दक्षतानं बाईंकडे दयेनं पाहिलं. "मी मधे पडत नाय. आपलं आपन मिटवतात."

बाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. वही उघडली, पण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी आवाज कमी करून रेकॉर्डिंग लावलं आणि मुलीकडे न बघता विचारलं, "यात कुणाचे पाय मोडायचे म्हणतेय आई?"

दक्षतानं दोन सेकंद ऐकलं. "चिंबोरीचे."

"कोण चिंबोरी?"

"चिंबोरी ग. खेकडा. तुला चिंबोरी म्हाईत नाय?" आता तिचा आवाज नेहमीच्या जागी आला. "मी धरलेली. खाडीत मीच धरली, एवढी. ती टोपातून पलाली, कपाटाखाली गेली, नाखवा झाडू घेऊन मागं. आये बोलली पाय मोड आधी, नायतर चावेल. मी बोल्ले मारू नको, माझी हाय ती. हे बग, हे मी ओरडतेय."

बेहेरेबाई जन्मात मासे न खाल्लेल्या. चिंबोरीचं काय करतात ते त्यांनी सविस्तर लिहून घेतलं आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. मुलीनं बाकीच्या रिकाम्या जागाही भरून दिल्या.

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी त्यांनी नवरा-बायकोला समजावलं. "तिथे हळू बोला. तुमच्या आवाजाचीच तक्रार आहे."

"किती हलू?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"मी बोलतेय ना, इतपत."

मंजुळाबाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोललीस काय तू?"

समिती ठाण्यात एका सरकारी इमारतीत बसायची. लांब टेबल, पलीकडे अध्यक्षा सामंत मॅडम आणि तीन सदस्य, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. अलीकडे नाखवा जोडपं, दक्षता, अद्वय आणि समीक्षा. अद्वयनं आज पूर्ण पँट घातली होती.

सामंत मॅडमनी परशुरामला विचारलं, "घरात भांडणं होतात का?" परशुरामनं बेहेरेबाईंकडे पाहिलं, घसा आवळला आणि काहीतरी पुटपुटला. मॅडम पुढे झुकल्या. "काय?" त्यानं आणखी आवळला. आता नुसती मिशी हलली. मॅडमनी मंजुळाबाईंना विचारलं. त्या तर पदर तोंडावर धरूनच बोलल्या आणि त्यातून फुंकर मारल्यासारखा एक आवाज आला. सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाले, "घाबरू नका. तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?" दोघांनी जोरजोरानं माना हलवल्या, आणि ते आणखीच वाईट दिसलं. 'जोडपं दडपणाखाली वाटतं,' असं मॅडमनी कारकुनाला सांगितलं. त्यानं ते टाइप केलं. हा घोळ सर्वस्वी बेहेरेबाईंनी घातला होता.

मग रेकॉर्डिंग लावलं. पाय मोडायचं वाक्य आलं तेव्हा एका सदस्यबाईंनी दक्षताच्या पायांकडे पाहिलं. पाय जागेवर होते, खुर्चीवरून लोंबत झोके घेत होते.

"बेहेरेबाई, तुम्ही या घरी जाऊन आलात," सामंत मॅडम म्हणाल्या. "यावर काय सांगाल?"

बाई उभ्या राहिल्या. हातात कागद होता. "याच रेकॉर्डिंगची शब्दशः नोंद आहे. वाचू का?"

"मोठ्याने."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. टेबलापलीकडे कुणाला काही ऐकू जाईना. मागून दक्षता म्हणाली, "आजी, मोठ्यानं वाच ना, इथं नाय येत ऐकू." बाईंनी श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोर्टातल्या बेलिफासारखा आवाज लावला. सूर मात्र तोच, रिपोर्ट वाचावा तसा सपाट.

"परशुराम: डब्याला काय दिलास पोरीला? मंजुळा: बटाटा. परशुराम: बटाटा कशाला? मंजुळा: शालेतल्या बाईंना म्हावऱ्याचा वास येतो. परशुराम: मग बाईंना पन डबा दे. येथे टोप पडल्याचा आवाज. दक्षता: पलाली, पलाली. मंजुळा: कपाटाखाली गेली. पाय मोड आधी तिचे, मग टाक. दक्षता: माझी हाय ती, मी धरली. खुलासा, ती म्हणजे चिंबोरी. चिंबोरी म्हणजे खेकडा."

एका सदस्यानं रुमाल तोंडाशी धरला. बाई थांबल्या नाहीत.

"मंजुळा: आठ होत्या, सात राहिल्या."

"नऊ." मंजुळाबाईंचा संयम इथे संपला. त्यांनी हे आपल्या खऱ्या आवाजात म्हटलं आणि कारकुनाच्या हातातला चहा कीबोर्डवर सांडला. "नऊ होत्या, बाय. चुकीचं लिवू नको. नऊ होत्या, आठ राहिल्या."

"टेपमध्ये आठ आहे," बेहेरेबाई म्हणाल्या.

"मी आठ बोललीच नाय."

"बोललीस," परशुराम त्याच पट्टीत म्हणाला. "मी तवाच सांगनार होतो."

"तवा कपाटाखाली होतास तू."

सामंत मॅडम एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कारकुनाला दडपणाचं वाक्य खोडायला सांगितलं. कारकून म्हणाला, कीबोर्ड सुकू दे.

"पुढे आणखी चार ओळी आहेत," बेहेरेबाई म्हणाल्या. "मंजुळा: दोन कालवनाला ठेव. बिल्डिंगमधल्या त्या बारीक पोराला वाटीभर देऊन ये. परशुराम: कनचा पोर? मंजुळा: दुसऱ्या माल्यावरचा. नुसती बाहेरनं खान्याची खोकी मागवतो आनि खातो. त्याला आये नाय काय? समाप्त."

अद्वयचे कान लाल झाले. त्यानं टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं, "आई नाशिकला असते."

हशा ओसरल्यावर सामंत मॅडमनी चष्मा काढला. "नोंद छान आहे. आता तुमचं मत सांगा."

"नोंदीनुसार..."

"नोंद ऐकली आम्ही. मत."

बेहेरेबाईंनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यांना समोरचा कारकून दिसत होता, बोटं उचलून थांबलेला, आता ही काय बोलते ते टिपायला. चौतीस वर्षं त्या स्वतः तिथे बसल्या होत्या.

"हिच्या फाइलमध्ये आठ महिन्यांपूर्वीचा शेरा आहे," त्या म्हणाल्या. "'मुलगी बोलत नाही. प्रश्नांना उत्तर देत नाही.' आज शाळेची तक्रार आहे की फार बोलते. हे या घरात झालंय. ही माणसं भांडतात तेव्हा गप्प होतात, ते मी पाहिलंय. पोरीच्या फॉर्मवर आपलं नाव नाही म्हणून ही बाई दीड दिवस बोलली नव्हती." इथे त्या अडखळल्या. "मुलीला तिथून हलवू नये. असं... मला वाटतं."

शेवटचे दोन शब्द कारकुनाला ऐकू आले नाहीत. त्यानं विचारलं, "असं काय?"

"मला वाटतं," बेहेरेबाई इतक्या जोरात म्हणाल्या की समीक्षानं हातातलं पेन खाली टाकलं.

समितीनं दक्षताशी एकटीशी बोलायला बाकीच्यांना बाहेर काढलं. पण दार बंद असूनही तिचं म्हणणं बाहेरच्या बाकावर सगळ्यांना शब्दन् शब्द कळलं. तिला नाखव्यांकडेच राहायचं होतं, डब्यात बटाटा नको होता आणि बालगृहातल्या मैत्रिणीला, शालूला, एकदा होडीत न्यायचं होतं. ते ऐकताना मंजुळाबाई मान खाली घालून बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. परशुराम उठून जिन्यापर्यंत गेला आणि उगाचच नोटीसबोर्ड वाचत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही, हे बेहेरेबाईंनी बघितलं नाही. बघायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

निर्णय झाला. मुलगी आणखी एक वर्ष तिथेच राहील, दर तीन महिन्यांनी अहवाल, भेटी बेहेरेबाईंच्याच. शालूच्या होडीचं बालगृहाला विचारून ठरवू. आणि अद्वयला मॅडमनी सांगितलं की काळजीपोटी कळवलंत ते बरोबर केलंत, पण अल्पवयीन मुलीचं रेकॉर्डिंग करून जवळ ठेवायचं नाही, आत्ता इथेच पुसा. त्यानं पुसलं. बेहेरेबाईंनीही आपल्या फोनवरचं पुसायला घेतलं. त्यांना ते जमेना, तेव्हा अद्वयनंच पुसून दिलं.

सगळे खाली कँटीनमध्ये गेले. परशुरामनं सहा चहा सांगितले, आणि सहा चहा सांगितल्याचं रस्त्यापलीकडे कळलं. मंजुळाबाई अद्वयच्या समोर बसल्या.

"त्या बुधवारी वाटी पाठवलेली मी. दार उगडलंस नाय."

"मीटिंगमध्ये होतो, काकी. आणि... मी व्हेज आहे."

मंजुळाबाई पुढे वाकल्या. "सगलंच व्हेज?"

"अंडंपण नाही."

"आनि म्हनून खोकी खातोस." त्या नवऱ्याकडे वळल्या. "हा व्हेज हाय." परशुरामनं लांबूनच कपाळाला हात लावला. मग दोघांमध्ये बराच वेळ चर्चा झाली की तांदळाची भाकरी आणि वांगं चालेल का, वाल चालतील का, खोबऱ्याची चटणी चालेल का. अद्वय प्रत्येकाला हो म्हणत होता आणि शेजारच्या टेबलावरचे लोक, पोरानं काय गुन्हा केला म्हणून, वळून वळून बघत होते. दक्षतानं बेहेरेबाईंच्या बशीतली बिस्किटं संपवली आणि वांग्याला आपला विरोध नोंदवला.

"बेहेरेकाकू," समीक्षा कानाशी येऊन म्हणाली, "कल्याणला अजून एक मुलगा आहे. कुणाशी पटत नाही त्याचं. घ्याल?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. "आधी दक्षताचा अहवाल होऊ दे. एक पान ना?"

"एक पान."

"मग दोन दिवसांनी सांगते."

तेवढ्यात परशुराम उठला. चारला खाडीला भरतीचं पाणी चढणार होतं, होडी बघायला हवी होती. मंजुळाबाईंनी बेहेरेबाईंचा हात धरला आणि पिशवीही उचलली. अद्वयसाठी वांगी घ्यायची होती आणि बेहेरेबाई जेवल्याशिवाय डोंबिवलीला जाणार नव्हत्या, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. रिक्षा दोन लागणार होत्या. कुणी कुठल्या रिक्षात बसायचं, यावर फाटकाशी लगेच बोलणं सुरू झालं.